घाट आणि गिअर

आमच्या जुन्नर-आंबेगावच्या बोलीत घाट दोन प्रकारचे. एक डोंगराचा आणि दुसरा शर्यतीचा. यात्रेला बैलगाडे ज्या धावेवरून सुटतात, तिलाही आम्ही घाटच म्हणतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या शर्यती बंद झाल्या, तेव्हा कित्येक गावच्या यात्रा मुक्या झाल्या होत्या. २०२१ च्या डिसेंबरात त्यांना पुन्हा परवानगी मिळाली आणि धावेवर पुन्हा भंडारा उधळला. वाचकांना गंमत वाटेल, पण शर्यतीचा गाडा म्हणजे आमच्याकडची स्पोर्ट्‌स कारच. त्याने ओझे वाहायचे नाही, बाजाराला जायचे नाही, नुसते पळायचे. शर्यतीचे बैल कोणी उसाच्या गाडीला जुंपीत नाही आणि उसाच्या गाडीचे बैल कोणी शर्यतीला नेत नाही. जोर वेगळा आणि वेग वेगळा, हे आमच्या शेतकऱ्याला शाळेत न जाता कळते.

मला ते कळायला मात्र एक मोटार बिघडावी लागली.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. आळेफाट्याला माझ्या एका विद्यार्थ्याचे गॅरेज आहे. वर्गात तो शेवटच्या बाकावर बसे आणि त्याच्या वहीत गणितांपेक्षा ट्रॅक्टरांची चित्रे जास्त असत. त्याचा निरोप आला, "गुरुजी, एक विलायती गाडी आलीय. सोबत इंग्रजी कागद आहेत. जरा वाचून द्या." मॅट्रिकपर्यंतचे इंग्रजी आणि त्याच यत्तेचे गणित एवढ्या भांडवलावर मी आजवर मास्तरकी केली आणि कादंबऱ्याही लिहिल्या. तेव्हा नाही कशाला म्हणा!

गाडी होती एम.जी.बी. १९६५ सालची, लाल, दोन माणसांची, बसल्यावर हात जमिनीला लागेल इतकी बुटकी. मालक मुंबईचे एक डॉक्टर. माळशेज चढताना एका वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडीचा दम संपला, म्हणून त्यांनी ती चालत्या गाडीत पहिल्या गिअरमध्ये लोटली. करकर आवाज झाला आणि पहिल्या गिअरचे दाते तुटले.

आता प्रश्न असा होता की, आत काय बसवायचे? जुनाच गिअरबॉक्स दुरुस्त करायचा, ओव्हरड्राइव्हवाला आणायचा, की पाच गिअरांचा नवा घालायचा? डॉक्टरांनी विलायतेहून तिन्हींची माहिती मागवली होती. तीच मला वाचायची होती.

वाचण्याआधी मी इतिहासात शिरलो; मास्तराची खोडच ती. सातवाहनांच्या काळापासून जुन्नरचा माल नाणेघाटाने कल्याण-सोपाऱ्याकडे उतरत असे. घाटमाथ्यावरच्या लेण्यात राणी नागनिकेचा लेख आहे. त्यात यज्ञात दिलेल्या गाईंचे आणि कार्षापणांचे आकडे कोरलेले आहेत. जवळच दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, असे सांगतात. मला वाटते, गिअरबॉक्सचे सारे शास्त्र त्या रांजणात आहे. घाट कोणालाच फुकट वर येऊ देत नाही. इंजिनाला चढायला जोर हवा असेल, तर त्याने वेगाची जकात भरावी. लहान दातेरी चक्राने मोठे चक्र फिरवले की वेग घटतो आणि जोर वाढतो. पहिला गिअर म्हणजे भरपूर जकात आणि भरपूर जोर. चौथा म्हणजे माफी. गाडी घाटाला लागली की जादा बैलजोडी जुंपणारे आमचे आजे-पणजे बैल वाढवून जे साधीत, तेच मोटार दाते बदलून साधते.

हे दाते बदलण्याची युक्ती मोटारीत रूढ केली ती फ्रान्सच्या पानार आणि लव्हासॉर यांनी, १८९१ च्या सुमारास. एका दांड्यावरचे चक्र सरकवून दुसऱ्या दांड्यावरच्या चक्रात घुसवायचे. दोन्ही चक्रे वेगवेगळ्या गतीने फिरत असताना ती एकमेकांत घालणे म्हणजे धावत्या एस.टी.त चढण्यासारखे, गाडीबरोबर पळता आले तर पाय फळीवर पडतो, नाहीतर गुडघे फुटतात. म्हणून जुने ड्रायव्हर डबल क्लच करीत. क्लच दाबून गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडून ॲक्सिलरेटरने आतल्या चक्रांची गती वाढवायची, मग पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर घालायचा. १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीत सिंक्रोमेश आले. दाते भिडण्यापूर्वी एक शंकूच्या आकाराची कडी दोन्ही चक्रांची गती घासून सारखी करते. धावत्या गाडीत चढणाऱ्याला कोणी हात द्यावा तसे.

पण हा हात सगळ्या गिअरांना मिळाला नाही. पहिला गिअर गाडी उभी असतानाच घालायचा, अशी समजूत असल्याने कारखानदार तिथे काटकसर करीत. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट ११०० घ्या. तिचा गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली होता आणि पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हते. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीवाल्यांनी त्या दांड्यावर उभी हयात काढली. २०२३ च्या ऑक्टोबरात त्या टॅक्स्या रस्त्यावरून गेल्या. विलायतेची एम.जी.बी. दिमाखाने वेगळी, पण या बाबतीत फियाटचीच बहीण. १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यातून अशा पाच लाखांवर गाड्या निघाल्या, पण पहिल्या गिअरला सिंक्रोमेश मिळाले ते १९६७ च्या अखेरीस. डॉक्टरांची गाडी त्याआधीची. म्हणजे दोष गाडीचाही नव्हता आणि फार तर डॉक्टरांचाही नव्हता. गाडीला जी भाषा येत होती, ती चालवणाऱ्याला कोणी शिकवलीच नव्हती.

पुढच्या सालचा सगळ्या गिअरांना सिंक्रोमेश असलेला बॉक्स का घालू नये? तो अंगाने मोठा. जुन्या गाडीचा मधला पत्रा कापल्याशिवाय बसत नाही. तो मार्ग डॉक्टरांनी आधीच सोडला होता. उरले ते तीन, आणि त्यांचा हिशेब मी गॅरेजच्या भिंतीवर खडूने मांडला.

मूळ गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला इंजिनाचे ३.६४ फेरे झाले की मागच्या दांड्याचा एक फेरा होतो; दुसऱ्याला २.२१, तिसऱ्याला १.३७ आणि चौथ्याला एकास एक. चौथ्यात मिनिटाला ३००० फेऱ्यांवर गाडी ताशी ८६ किलोमीटर पळते. आजच्या मोठ्या रस्त्यावर तेवढ्यात इंजिन कावते.

ओव्हरड्राइव्ह हे त्यावरचे जुने औषध. कॅप्टन द नॉर्मनव्हिल यांची ही युक्ती लेकॉक कंपनीने बनवली. मूळ गिअरबॉक्सच्या पाठीला एक पेटी जोडलेली असते. बटण दाबले की तेलाच्या दाबाने आतली ग्रहमालेसारखी चक्रे कामाला लागतात, आणि चौथा गिअर एकावरून ०.८० वर येतो. त्याच ३००० फेऱ्यांत गाडी १०७ किलोमीटरला जाते. तिसऱ्या गिअरमध्येही ते लावता येते, म्हणजे चार गिअरांचे सहा होतात. बाहेरून गाडी होती तशीच.

तिसरा पर्याय फोर्डचा. १९८२ साली निघालेल्या सिएरा मोटारीतला 'टाइप नाइन' नावाचा पाच गिअरांचा बॉक्स जुन्या एम.जी.त बसवण्याची रीत विलायतेत चांगली रुळलेली आहे. पाचवा गिअर ०.८२; म्हणजे मोठ्या रस्त्यावर ओव्हरड्राइव्हइतकाच आराम. वर पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश. मी खडू आपटून म्हटले, "डॉक्टरसाहेब, यात विचार कसला करायचा? हाच घाला!"

पण माझा विद्यार्थी भिंतीकडे बघत होता. गणितात कायम नापास होणारा तो मुलगा म्हणाला, "गुरुजी, ह्याचा दुसरा बघा." फोर्डचा पहिला ३.६५ आणि दुसरा एकदम १.९७. म्हणजे पहिल्यात इंजिन ४००० फेऱ्यांवर असताना दुसरा घातला, तर मूळ बॉक्समध्ये फेरे २४३० वर येतात, फोर्डच्यात २१६० वर. सपाटीला हा फरक कळणार नाही. पण माळशेजच्या वळणावर पहिल्यात गाडी किंचाळते आणि दुसऱ्यात दम खाते, अशी अवस्था इथेच होणार. नेमका जिथे दात तुटला, तिथेच ही पायरी उंच. मास्तराचा मास्तर भेटला म्हणायचा!

त्या दिवशी माझ्याबरोबर आमचे अण्णाही गॅरेजमध्ये आले होते. अण्णांची सारी उमर ट्रकवर गेली. आम्ही मूळचे आंबेगावचे. ते गाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेले; आता कचेऱ्या घोडेगावला आहेत आणि तालुक्याचे नाव तेवढे आंबेगाव उरले आहे. जमीन गेल्यावर अण्णा एका मालकाच्या ट्रकवर लागले. कांदा भरून माळशेज उतरायचा आणि रिकामी गाडी वर आणायची. सुटीत मी शेजारी बसून जाई. अण्णांचा नियम एकच, "ज्या गिअरात घाट चढतो, त्याच गिअरात उतरायचा." घाटमाथ्यालाच ते दुसरा गिअर घालीत, आणि इंजिन घुमत, गाडीला मागे ओढून धरीत, आम्ही खाली येत असू. ब्रेकला ते वळणापुरता पाय लावीत.

मालकाला ही रीत पसंत नव्हती. न्यूट्रलला गाडी सोडली की डिझेल वाचते. इतर ड्रायव्हर वाचवतात, तूच का नाही, असे तो विचारी. अण्णांच्या पगारातून त्याने डिझेलचे पैसे कापायला सुरुवात केली. तीन महिने त्यांनी सोसले आणि चौथ्या महिन्यात किल्ली टेबलावर ठेवली. त्या वर्षी दिवाळीत आमच्या घरी करंज्या झाल्या नाहीत. आईने त्यांना बोल लावला. मीही मनातून लावला. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा हात सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेला ब्रेक धरीत नाही, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. त्या ट्रकवर पुढे दुसरा ड्रायव्हर आला. त्याचे काय झाले ते लिहीत नाही; सणाचे दिवस आहेत.

भिंतीवरचे आकडे अण्णा बराच वेळ बघत होते. आम्ही तिघांनी चढण्याचा आणि पळण्याचा हिशेब केला होता; उतरण्याचा कोणीच केला नव्हता. त्यांनी विचारले, "उतरताना गाडी धरतं कोण?" मी पाहिले. दुसऱ्या गिअरमध्ये २.२१ चा मूळ बॉक्स १.९७ च्या फोर्डपेक्षा गाडी जास्त आवळून धरणार. ओव्हरड्राइव्ह उतारावर बंद ठेवावे, म्हणजे मूळ पकड जशीच्या तशी.

तरीही मी हेका सोडला नाही. म्हटले, "अण्णा, पाच गिअरवाला सोपा आहे. आणि आत काही घातले तरी गाडीचे नाव एम.जी.च राहणार ना?"

अण्णा म्हणाले, "नाव राहतंच रे. आंबेगावचं नाही का राहिलं?"

गॅरेजमध्ये कोणी बोलले नाही. मग डॉक्टरांनी विचारले, "मला डबल क्लच शिकवाल?"

मूळ जातीचाच ओव्हरड्राइव्हवाला गिअरबॉक्स विलायतेहून यायला चार महिने लागले. बसवल्यावर अण्णांनी डॉक्टरांना शेजारी बसवून आळेफाट्यापासून ओतूरपर्यंत तीन फेऱ्या मारल्या. पायाने फार बोलता येत नाही आताशा, पण पहिला गिअर चालत्या गाडीत पडला तो लोण्यात सुरी जावी तसा. चौथ्या फेरीला डॉक्टर चालवीत होते. दोनदा करकरले, तिसऱ्यांदा नाही.

वैशाखात डॉक्टर माळशेज उतरून मुंबईला गेले. रात्री त्यांचा फोन आला. गाडी कशी पळाली, लोक थांबून कसे बघत होते, याचे ते भरभरून वर्णन करीत होते. अण्णा अंथरुणावर उठून बसले आणि मला म्हणाले, "ते राहू दे. ब्रेक तापले होते का, तेवढं विचार."

मी विचारले. तापले नव्हते. अण्णांनी कूस बदलली आणि झोपले.