एका रात्रीचं घड्याळ : २५ जून १९७५

१९७५ हे साल सुरू झालं ते समस्तीपूरच्या बॉम्बस्फोटाने. रेल्वेमंत्री ललित नारायण मिश्र त्यात गेले. पण पुढचे काही महिने देशाला बरे दिवस दाखवणारे होते. मार्चमध्ये क्वालालंपूरला हॉकीचा विश्वचषक जिंकला, एप्रिलमध्ये 'आर्यभट्ट' आकाशात गेला, मे महिन्यात सिक्कीम बाविसावं राज्य झालं. जूनपासून मात्र वर्षाचा हिशेब महिन्यांत नाही, तासांत ठेवावा लागतो. आणि तो तसा ठेवला, की नंतर दिलेली बरीचशी स्पष्टीकरणं टिकत नाहीत.

१२ जून, सकाळी १०. अलाहाबाद उच्च न्यायालय. न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हांनी रायबरेलीतून झालेली इंदिरा गांधींची १९७१ची निवड रद्द ठरवली. यशपाल कपूर सरकारी नोकरीत असतानाच प्रचारात राबले आणि सभांची व्यासपीठं, ध्वनिक्षेपकांची वीज यांची सोय सरकारी अधिकाऱ्यांनी केली, हे दोन मुद्दे शाबीत झाले. सहा वर्षं निवडणूक लढवायला बंदी. निकालाला वीस दिवसांची स्थगिती. त्याच दिवशी गुजरातच्या मतमोजणीतही काँग्रेस मागे पडत होती.

२४ जून. सर्वोच्च न्यायालयाला सुट्टी. सुट्टीतले न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी सशर्त स्थगिती दिली. पंतप्रधान म्हणून संसदेत बसा, बोला, पण खासदार म्हणून मत देऊ नका. कायद्याच्या दृष्टीने ही चांगलीच सवलत होती. राजकारणात ती अर्धी हार ठरली.

२५ जून, बुधवार, सकाळ. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री सिद्धार्थ शंकर राय दिल्लीतच होते. त्यांना १, सफदरजंग रोडवर बोलावणं गेलं. देशाला एक जोरदार धक्का दिल्याशिवाय गत्यंतर नाही, असा पंतप्रधानांचा सूर होता. राय मुळात बॅरिस्टर. राज्यघटना चाळायला ते निघून गेले आणि दुपारी परतले ते उत्तर घेऊनच : अनुच्छेद ३५२, अंतर्गत अशांतता. बांगलादेश युद्धाच्या वेळी, डिसेंबर १९७१मध्ये पुकारलेली बाह्य आणीबाणी अजून उठलेलीच नव्हती. म्हणजे एक आणीबाणी चालू असताना दुसरी पुकारायची होती.

सायंकाळी साडेपाचच्या सुमारास. दोघं राष्ट्रपती भवनात. फक्रुद्दीन अली अहमद यांनी ऐकून घेतलं आणि कागद पाठवायला सांगितलं. सहीला सहा तास उरले होते. या सहा तासांत सगळे केंद्रीय मंत्री सहज गोळा झाले असते. बहुतेकांचे बंगले तर हाकेच्या अंतरावर.

संध्याकाळ, रामलीला मैदान. प्रचंड सभा. मोरारजी देसाई अध्यक्ष आणि नानाजी देशमुख सचिव असलेल्या लोकसंघर्ष समितीचा सत्याग्रह २९ जूनपासून सुरू होईल, ही घोषणा झाली. बेकायदा हुकूम पाळू नका, असं आवाहन जयप्रकाश नारायण यांनी पोलीस आणि लष्कराला केलं. आणीबाणीच्या समर्थनार्थ पुढे हेच भाषण पुन्हापुन्हा दाखवलं गेलं. सभेत काय होणार याची खबर सरकारला आधीच होती, असाही बचाव आहे, आणि जयप्रकाश हे पहिल्यांदा बोलत होते असंही नाही. तो बचाव क्षणभर मान्य करू. तरी रायांना निरोप सकाळीच गेला होता, हे उरतंच. रोग संध्याकाळचा आणि औषधाची चिठ्ठी सकाळची, असा हा हिशेब आहे.

रात्री साडेदहाच्या सुमारास. गृहमंत्री ब्रह्मानंद रेड्डी यांना बोलावून घेतलं. देशाची अंतर्गत सुरक्षा ज्यांच्या खात्याची, त्यांना हे सर्वांत शेवटी कळत होतं. हाताशी असलेल्या आणीबाणीतले अधिकार पुरेसे नाहीत का, असं त्यांनी विचारलं. तो विचार झालाय, असं उत्तर आलं. मग तुम्हाला योग्य वाटेल ते करा, म्हणाले, आणि राष्ट्रपतींना लिहिलेल्या पत्रावर सही करून मोकळे झाले. पत्र साध्या कागदावर होतं. आणीबाणीच्या चौकशीसाठी पुढे नेमलेल्या शहा आयोगापुढे हा प्रसंग नोंदला गेला, म्हणून तरी तो आपल्याला कळतो.

रात्री अकरानंतर. पंतप्रधानांचं अतिगोपनीय पत्र राष्ट्रपती भवनात पोचलं. मंत्रिमंडळापुढे हा विषय ठेवायला आवडलं असतं, पण आज रात्री ते शक्य नाही, असा त्यात मजकूर. आधार कामकाजाच्या नियमांतला बारावा नियम, म्हणजे तातडीत पंतप्रधानांनी ठरवावं आणि मंत्रिमंडळाची संमती मागाहून घ्यावी. राष्ट्रपतींचे सचिव के. बालचंद्रन यांनी हे घटनेला धरून नाही, असं राष्ट्रपतींना सांगून पाहिलं. तेवढ्यात पंतप्रधानांचे खासगी सचिवालय सांभाळणारे आर. के. धवन उद्घोषणेचा मसुदा घेऊन आले.

११.४५. सही झाली. राष्ट्रपतींनी शामक गोळी घेतली आणि ते झोपायला गेले. सहा महिन्यांनी व्यंगचित्रकार अबू अब्राहम यांनी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये टबात बसून वटहुकमांवर सह्या करणारे राष्ट्रपती काढले. ते चित्र आजही सगळ्यांना आठवतं. गोळीची गोष्ट मात्र आयोगाच्या कागदांतच पडून राहिली. मला तीच जास्त बोलकी वाटते.

मध्यरात्रीनंतर. बहादूरशाह जफर मार्गावरच्या छापखान्यांची वीज गेली. हुकूम तोंडी होता. 'हिंदुस्थान टाइम्स' आणि 'स्टेट्समन' यांना मात्र वीज नवी दिल्ली नगरपालिकेकडून मिळायची. त्यांचे दिवे चालूच राहिले! उच्च न्यायालयंही सकाळी बंद ठेवायचा बेत होता. तो रायांच्या कानावर गेला, तेव्हा घटनेतलं कलम शोधून देणारा हा बॅरिस्टर हादरला आणि पंतप्रधानांना गाठून त्याने तेवढं थांबवलं.

पहाटे तीनच्या सुमारास. गांधी शांती प्रतिष्ठानातून जयप्रकाशांना उचललं. पार्लमेंट स्ट्रीटच्या पोलीस ठाण्यात त्यांनी जे संस्कृत वचन उच्चारलं ते सर्वांना पाठ आहे. इथे पुन्हा देत नाही. मोरारजींनाही त्याच रात्री नेलं. अटकेच्या याद्या तयार होत्या, आणि याद्या काही एका संध्याकाळीत होत नाहीत.

सकाळी ६. मंत्रिमंडळाची बैठक. निरोप जेमतेम तासाभरापूर्वी गेले होते, तरी मंत्री हजर. रात्री जे अशक्य होतं ते पहाटे इतक्या सहज जमलं. अर्धा तासही लागला नाही. प्रश्न विचारला तो संरक्षणमंत्री स्वर्णसिंग यांनी. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

सकाळी ८. आकाशवाणीवर पंतप्रधानांचा आवाज : राष्ट्रपतींनी आणीबाणी घोषित केली आहे, घाबरण्याचं कारण नाही.

संसदीय समितीच्या कामासाठी बेंगळुरूला गेलेले वाजपेयी, अडवाणी आणि राजापूरचे खासदार मधू दंडवते यांना त्याच सकाळी तिथे पकडलं. पुढे महाराष्ट्रात डिसेंबरमध्ये कराडचं साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण. तुरुंगात प्रकृती ढासळलेले जयप्रकाश पॅरोलवर सुटून मुंबईत जसलोकमध्ये होते. त्यांच्या प्रकृतीसाठी दुर्गाबाईंनी भर मंडपात प्रार्थना करायला लावली. चव्हाण समोर बसलेले होते.

स्वर्णसिंग तोवर मंत्रिमंडळात राहिले नव्हते. संरक्षण खातं डिसेंबरमध्येच बन्सीलाल यांच्याकडे गेलं. स्वर्णसिंगांना मग वेगळं काम मिळालं : राज्यघटनेत काय काय बदलायचं ते सुचवणाऱ्या पक्षाच्या समितीचं अध्यक्षपद. त्यातूनच १९७६ची बेचाळिसावी घटनादुरुस्ती निघाली.