करोडगिरीचा नाका आणि आजोबांच्या पावत्या

आमच्या घरात पत्र्याचा एक जुना डबा आहे. आजोबांच्या मागे तो वडिलांकडे आला आणि वडिलांच्या मागे माझ्याकडे. त्यात जमिनीचे काही कागद, कोणाची तरी जन्मपत्रिका आणि उर्दूत लिहिलेल्या दहाबारा पावत्यांचा एक गठ्ठा आहे. आजोबांना उर्दूचे अक्षर येत नसे. मराठीदेखील ते ओळीवर बोट ठेवूनच वाचीत. तरी या पावत्या त्यांनी जन्मभर जपल्या. का जपल्या, हे मला गेल्या दिवाळीत कळले, आणि तेही जरा लाज वाटून कळले.

झाले असे की, पुतण्याच्या मोटारीतून आम्ही सारे तुळजापूरला देवीच्या दर्शनाला निघालो होतो. वाटेत एके ठिकाणी गाडी अडवण्यात आली. पुतण्याने कागद दाखवले. ते सगळे चोख होते. मग डिकी उघडायला लावली. फराळाचे डबे खाली उतरले, सुनेची पिशवी उलटीपालटी झाली. कशासाठी, ते कोणी सांगेना. गाडीची चावी तोवर शिपायाच्या मुठीत गेली होती. शेवटी ‘काही तरी द्या आणि निघा’ असे सूचित झाले. पुतण्याने माझ्याकडे पाहिले. मी तीस वर्षे शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेला माणूस. मी काय केले? पाकिटातून पाचशेची नोट काढली आणि पावतीचे नावही न काढता देऊन मोकळा झालो. “काका, तुम्हीसुद्धा?” एवढेच पुतण्या म्हणाला. तुळजापूर येईपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही.

घरी परतल्यावर मी तो डबा उघडला आणि उर्दू जाणणाऱ्या एका स्नेह्यांकडून पावत्या वाचवून घेतल्या. त्या करोडगिरीच्या निघाल्या.

मराठवाड्याबाहेरच्या तरुण वाचकांना हा शब्द नवा वाटेल. आजचा धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सोलापूर आणि बार्शी मात्र इंग्रजी मुलखात. दोन्हीकडे मराठी बोलणारी, एकमेकांत सोयरिकी करणारी माणसे. पण पलीकडे कलदार रुपया चाले, अलीकडे हाली शिक्का. पलीकडे इसवी सन, तर अलीकडच्या सरकारी कागदावर फसली साल. आणि मधोमध करोडगिरीचा नाका. करोडगिरी म्हणजे संस्थानची सरहद्दीवरची जकात. १८०२ साली इंग्रज आणि निजाम यांच्यात व्यापाराचा तह झाला, त्यात मालावरची जकात शेकडा पाच ठरली होती. हिशेब साधा दिसतो. पण शेकडा पाच घ्यायचे तर आधी माल पाहायला हवा, आणि माल पाहायचा तर गाडी थांबवून गाठोडे सोडायला हवे. झडतीचा जन्म तिथे होतो.

आजोबा नळदुर्गाकडून तूर आणि भुईमूग बैलगाडीने सोलापूरच्या पेठेत नेत आणि येताना घरचे कापडचोपड आणीत. नाक्यावर पोत्यांत टोकदार सळई खुपसून आत काही दडवले आहे का ते पाहत. दिवाळीच्या दिवसांत तपासणी अधिकच कडक होई. आजी एकदा सोबत गेली, तेव्हा येताना ती दोन नवी लुगडी एकावर एक नेसून बसली आणि उकाड्याने अर्धमेली झाली, ही गोष्ट आमच्या घरी दर दिवाळीला निघे आणि सगळे पोट धरून हसत. पण त्याच दिवशी तिचे गाठोडे चारचौघांत सोडले गेले होते, हे सांगताना ती स्वतः कधी हसत नसे.

आजोबा मात्र नाक्यावर एकच हट्ट धरीत. “पैसे घ्या मालक, पण कागद द्या.” डब्यातली एक पावती १३५० फसलीची, म्हणजे १९४०-४१ची आहे. एवढासा चिटोरा मिळावा म्हणून ते उन्हात गाडी उभी करून बसून राहत. कागद वाचता येत नसला तरी त्याचे बळ त्यांना ठाऊक होते. कागद असला की पुढे कोणी तोच पैसा दुसऱ्यांदा मागू शकत नाही, आणि पैसा कोणी घेतला हे दडून राहत नाही.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरच्या रस्त्याने संस्थानात शिरल्या आणि पहिली चकमक नळदुर्गापाशीच झाली. १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. पुढे घटना आली. देशभर व्यापार आणि वाहतूक मुक्त असावी असे तिच्या ३०१व्या कलमात लिहिले गेले. काही वर्षांत करोडगिरीही इतिहासजमा झाली. नाके गेले, पण रस्त्यावर अडवणे काही गेले नाही, आणि तसे ते जाऊही नये. दारू पिऊन गाडी हाकणारा, चोरीची गाडी पळवणारा, गांजाची पोती वाहणारा यांना कोणी तरी अडवलेच पाहिजे. दिवाळीत आपण घरी बसतो तेव्हा उन्हापावसात चौकात उभा असणारा शिपाईही कोणाचा तरी मुलगा असतो. प्रश्न अडवण्याचा नाही; अडवणाऱ्याने काय दाखवावे आणि अडवलेल्याने काय मागावे, एवढाच आहे. तो सोडवण्यासाठी म्हातारपणी मी कायद्याची पुस्तके उघडली.

मोटार वाहनांचा १९८८चा कायदा सांगतो की, गणवेशातील पोलिसाने मागितल्यास चालकाने परवाना दाखवलाच पाहिजे. हे आपले कर्तव्य, त्यात वाद नको. हल्ली कागद मोबाइलमधल्या सरकारी ॲपवर दाखवले तरी नियमाने चालतात. पोलिसाने परवाना ठेवून घेतला तर त्याची तात्पुरती पोच द्यावी लागते, आणि त्या पोचेवर गाडी चालवता येते. दंड भरला तर त्याची पावती आपली. चावी काढून घेण्याचे कलम मात्र त्या कायद्यात मला कुठे सापडले नाही.

कागद पाहणे वेगळे आणि झडती घेणे वेगळे. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ‘जागा’ या शब्दाची व्याख्या आहे: घर, इमारत, तंबू, वाहन आणि जहाज. वाचून मी थबकलो. कायद्याने आपली मोटार घराच्या पंक्तीत बसवली आहे! तपासासाठी वॉरंटाशिवाय झडती घ्यायची तर अधिकाऱ्याने कारणे लिहून ठेवावीत, त्या भागातले दोन प्रतिष्ठित पंच असावेत, जप्त वस्तूंच्या यादीची प्रत द्यावी, स्त्रीच्या अंगाची झडती स्त्रीनेच आणि मर्यादा सांभाळून घ्यावी, हे जुनेच दंडक आहेत. १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिने झडतीचे चित्रीकरण करण्याची भर घातली. अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्यात तर अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेट यांच्यासमोर नेण्याची मागणी करता येते. पण हा हक्क अंगापुरता आहे, पिशवीला तो लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगितले.

वाचकांनी एवढ्यावर फुशारून जाऊ नये. १९७३ साली त्याच न्यायालयाने असेही ठरवले की, झडती बेकायदा असली तरी तेवढ्यावरून तीत सापडलेली वस्तू पुराव्यातून बाद होत नाही. अमेरिकेत दारूबंदीच्या काळात, १९२५ साली, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, घर जागचे हलत नाही पण मोटार निघून जाते. म्हणून सबळ कारण असेल तर तिला वॉरंट नको. म्हणजे मोटार घरासारखी खरी, पण अगदी घर नव्हे. आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा कुठे या तराजूचे दुसरे पारडे जड झाले.

तात्पर्य, रस्त्यावर हुज्जत घालून काही मिळत नाही. नम्रपणे नाव विचारावे, कारण विचारावे, कागद मागावा. तक्रार करायची ती नंतर आणि लेखी. हे सारे मला त्या दिवशी करता आले असते. उलट मी पावतीवाचून पैसे दिले, म्हणजे गुन्ह्यात माझाही वाटा झाला. माझे अशिक्षित आजोबा परक्या लिपीतला कागद मिळेपर्यंत जागचे हलले नाहीत, आणि मी, स्वतंत्र देशाचा शिकलेला नागरिक, घाईने सुटलो.

यंदाही आम्ही तुळजापूरला जाणार आहोत. पुतण्यासाठी मी एका पोस्टकार्डावर वरच्या गोष्टी सुवाच्य अक्षरांत लिहिल्या आहेत. गाडीच्या खणात ते कार्ड राहील. शिवाय आजोबांची १३५० फसलीची पावतीही मी त्याला दाखवली. त्याने ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, “काका, यंदा विचारायचे काम माझ्याकडे. तुम्ही फक्त शेजारी बसा.”

मी बसणार आहे.