चिमुकल्यांच्या ॲप्सचा इतिहास

दोन-तीन वर्षांच्या मुलाने यंत्राच्या पडद्याशी आपले आपण खेळावे, ही गोष्ट २००७ पूर्वी फार अवघड होती. अडचण मुलाच्या बुद्धीची नव्हती, हाताची होती. माऊस टेबलावर फिरवायचा आणि त्याचा परिणाम समोरच्या पडद्यावर शोधायचा, हा हाताडोळ्यांचा मेळ त्या वयात नीट बसत नाही. कळफलक वापरायचा तर अक्षरओळख हवी. त्यामुळे १९९० च्या दशकात अमेरिकेत लहानग्यांसाठी सीडीवर खेळ आणि गोष्टी आल्या, तरी त्यांतल्या सर्वांत धाकट्यांना शेजारी बसून माऊस धरणारे मोठे माणूस लागेच.

मुलांच्या हाती देण्याजोग्या संगणकाची कल्पना मात्र याच्या बरीच आधीची आहे. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात काम करणाऱ्या ॲलन के यांनी १९७२ मध्ये 'डायनाबुक' नावाच्या, वहीएवढ्या आणि कुठेही नेता येणाऱ्या संगणकाचा आराखडा मांडला. हे यंत्र त्यांनी सर्व वयांच्या मुलांसाठी योजले होते. त्यांच्यावर सिमोर पॅपर्ट यांच्या कामाचा प्रभाव होता. पॅपर्ट यांनी जिनिव्हात झां पियाजे यांच्याबरोबर काम केले होते, आणि १९६७ मध्ये सहकाऱ्यांसह 'लोगो' ही मुलांची संगणकभाषा तयार केली होती. मूल वस्तू हाताळून, मोडून, पुन्हा जोडून शिकते, हे पियाजे यांचे म्हणणे या दोघांनी संगणकाला लावले. यंत्राने मुलाला काही दाखवत राहण्यापेक्षा मुलाने यंत्राकडून काही करवून घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता. पुढे निघालेल्या हजारो ॲप्सची पारख करायला याहून चांगली कसोटी आजही सापडत नाही.

डायनाबुक प्रत्यक्षात आला नाही. हाताची अडचण सुटली ती आयफोनच्या पडद्यामुळे, २००७ मध्ये. त्याआधीचे बरेचसे स्पर्शपडदे दाबावे लागत आणि त्यासाठी नख किंवा छोटी काडी वापरावी लागे. आयफोनचा पडदा त्वचेच्या विद्युत्-गुणामुळे बोटाचा नुसता स्पर्श ओळखतो. बोट जिथे टेकले तिथेच काहीतरी घडते, हे कळायला शिकवणी लागत नाही. १० जुलै २००८ रोजी ॲपलचे ॲप स्टोअर सुमारे ५०० ॲप्ससह सुरू झाले आणि त्याच वर्षी अँड्रॉइडचेही दुकान उघडले. सुरुवातीला लहान मुले हे कोणाचे लक्ष्य नव्हते. मोटारीत पुढे बसलेल्या आईने किंवा बाबांनी मागे रडणाऱ्या मुलाच्या हाती आपला फोन द्यावा, असे घरोघर होऊ लागले. गिऱ्हाईक आहे हे व्यावसायिकांच्या ध्यानात आले ते त्यातून.

पहिल्या पिढीतल्या अनेक निर्मात्यांना स्वतःचीच लहान मुले होती. कॅलिफोर्नियातल्या 'डक डक मूस' या छोट्या कंपनीने २००९ मध्ये एका जुन्या इंग्रजी बालगीतावर ॲप काढले. त्यात बसची चाके फिरवता येत, दारे उघडता येत, वायपर हलवता येत, आणि गाणे चालू राही. फोनच्या तळहाताएवढ्या पडद्यावर यापेक्षा फारसे काही मावतही नव्हते. ३ एप्रिल २०१० रोजी अमेरिकेत ९.७ इंचांचा आयपॅड विक्रीला आला आणि मुलाच्या दोन्ही हातांना जागा मिळाली.

या पडद्याचा सर्वांत विचारपूर्वक उपयोग स्वीडनमध्ये झाला. स्टॉकहोमच्या बॉनिये या जुन्या प्रकाशनसमूहात ब्यॉर्न येफरी आणि एमिल ओवेमार यांनी 'टोका बोका' ही शाखा उभी केली, आणि तिची पहिली ॲप्स २०११ मध्ये बाजारात आली. त्यांतले चहापार्टीचे ॲप पाहण्यासारखे आहे. आयपॅड जमिनीवर आडवा ठेवायचा, म्हणजे त्याचेच टेबल होते. मूल टेबलावरचे कापड निवडते, बशा मांडते, केक वाढते, चहा ओतते. भोवती बाहुल्या बसवाव्यात, नाहीतर भावंडे. चहा सांडला तर पुसून काढायचा आणि शेवटी भांडी विसळायची. पुढच्या केशकर्तनालयाच्या ॲपमध्ये कापलेले केस एका औषधाने पुन्हा वाढवता येतात, म्हणजे चुकीची भीतीच उरत नाही. या ॲप्समध्ये गुण नाहीत, घड्याळ नाही, जिंकणे-हरणे नाही आणि वाचावा लागेल असा मजकूर नाही. त्यांना टोका बोकाच्या निर्मात्यांनी खेळाऐवजी खेळणी म्हटले, आणि ते योग्यच होते. भातुकली जशी मुलाच्या मनाप्रमाणे चालते आणि मुलाला कंटाळा आला की संपते, तशीच ही ॲप्स चालत आणि संपत.

हे जमले त्यामागे पैशाचा व्यवहार होता. पालक एकदाच थोडे डॉलर मोजून ॲप विकत घेत. पैसे हाती आल्यावर मुलाने ॲपवर पाच मिनिटे घालवली काय किंवा पन्नास, कंपनीच्या उत्पन्नात फरक पडत नसे. मुलाला डांबून ठेवण्याचे तिला काही कारणच नव्हते. याच काळातली आणखी दोन ॲप्स नोंदवण्याजोगी आहेत. 'एंडलेस अल्फाबेट' (२०१३) मध्ये अक्षर ओढताना ते आपला उच्चार करत राहते आणि शब्द जुळला की राक्षसबाळे त्याचा अर्थ करून दाखवतात. 'स्क्रॅचज्युनिअर' (२०१४) हे मरीना उमाशी बर्स, मिचेल रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम. वाचता न येणारे पाच वर्षांचे मूलही चित्रांचे ठोकळे जोडून मांजराला चालवू, नाचवू शकते. पॅपर्ट यांच्या लोगोचा हा थेट वंशज, आणि विनामूल्य.

पण बाजाराचा ओघ दुसरीकडे वळला होता. ॲपच्या आतच वस्तू विकण्याची सोय ॲपलने २००९ मध्ये केली आणि त्याच वर्षी ती फुकट ॲप्सनाही खुली झाली. फुकट उतरवून घ्यायचे ॲप आणि आत शंभर डॉलरची काल्पनिक फळे, असा धंदा त्यातून निघाला. पासवर्ड एकदा दिला की पुढची पंधरा मिनिटे पुन्हा विचारणा न होता खरेदी होत असे. खरा पैसा आणि खेळातला पैसा यांतला फरक न कळणारी मुले त्या पंधरा मिनिटांत शेकडो डॉलर उडवत. २०११ च्या सुरुवातीला अशा बिलांच्या बातम्या अमेरिकी वृत्तपत्रांत झळकल्या. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने चौकशी केली. जानेवारी २०१४ मध्ये ॲपलने पालकांना किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत देण्याचे मान्य केले आणि त्याच वर्षी गूगलने किमान १ कोटी ९० लाख. दोष मुलांचाही नव्हता आणि बहुतेक पालकांचाही. ती पंधरा मिनिटे कंपन्यांनी ठरवली होती.

फुकट ॲप्सचा दुसरा आधार म्हणजे जाहिरात. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या १३५ ॲप्सचा एक अभ्यास २०१८ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रसिद्ध केला. त्यांतल्या ९५ टक्के ॲप्समध्ये कोणत्या ना कोणत्या रूपात जाहिरात आढळली. काहींत ती खेळाच्या मध्येच पडदा व्यापून टाकत होती, तर काहींत खेळातले लाडके पात्रच मुलाला विकत घ्यायला सुचवत होते. जाहिरात म्हणजे काय हेच ज्याला ठाऊक नाही, त्या मुलाला हे सुचवणे हा शुद्ध अन्याय आहे.

मधल्या काळात वापर किती झपाट्याने पसरला, ते कॉमन सेन्स मीडिया या संस्थेच्या अमेरिकेतील पाहण्यांवरून दिसते. दोन वर्षांखालील मुलांपैकी फोन किंवा टॅब्लेट कधी ना कधी वापरलेली मुले २०११ मध्ये १० टक्के होती, २०१३ मध्ये ३८ टक्के. आठ वर्षांपर्यंतच्या मुलांचा या यंत्रांवरचा रोजचा सरासरी वेळ २०११ मध्ये ५ मिनिटे होता, तो २०१७ मध्ये ४८ मिनिटांवर गेला.

या वेगामागून नियम आले. मुलांची माहिती गोळा करण्यावर बंधने घालणारा अमेरिकी कायदा १९९८ चा, त्याची नियमावली १ जुलै २०१३ पासून मोबाइल ॲप्सच्या काळाला साजेशी झाली. त्याच वर्षी ॲपलने दुकानात मुलांचा स्वतंत्र विभाग काढला. त्यातल्या ॲप्सना खरेदीच्या किंवा बाहेरच्या दुव्याआधी 'पालकांचे फाटक' बसवणे सक्तीचे झाले, म्हणजे मोठ्यांनाच सुटेल असा एखादा गुणाकार वगैरे. पालकांसाठीही साधने आली. २०१२ मध्ये आयफोन-आयपॅड एकाच ॲपमध्ये अडकवून ठेवण्याची सोय झाली, तर २०१७ मध्ये गूगलने मुलाच्या फोनवर वेळेची मर्यादा घालणारे 'फॅमिली लिंक' काढले.

बालरोगतज्ज्ञांची भूमिका या काळात एकदा बदलली. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने दोन वर्षांखालील मुलांना टीव्हीपासून दूर ठेवण्याचा सल्ला १९९९ मध्ये दिला होता. २०१६ मध्ये संस्थेने तो सुधारला: दीड वर्षापर्यंत व्हिडिओ कॉलखेरीज पडदा नको, त्यानंतर दाखवायचा तर दर्जेदार आणि मोठ्यांच्या सोबतीने, दोन ते पाच या वयात दिवसाला एक तास. दूरच्या आजी-आजोबांशी पडद्यावर बोलणे हे पडदा पाहणे नव्हे, ही त्यातली बाब परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांना लगेच पटेल. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जवळपास अशाच मर्यादा सांगितल्या, आणि इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचा सल्लाही दोनखाली नाही, पाचपर्यंत फार तर एक तास असाच आहे. नुसत्या मिनिटांपलीकडचा विचार २०१५ मध्ये कॅथी हर्श-पासेक आणि सहकाऱ्यांनी मांडला. मूल मनाने सक्रिय राहते का, त्याचे चित्त एका गोष्टीवर टिकते का, शिकलेले त्याच्या जगण्याशी जुळते का आणि त्यात दुसऱ्या माणसाला जागा आहे का, असे चार प्रश्न त्यांनी 'शैक्षणिक' म्हणवणाऱ्या ॲप्सना विचारले. दुकानातल्या बहुसंख्य ॲप्सकडे त्यांची उत्तरे नव्हती.

२०१५ च्या फेब्रुवारीत 'यूट्यूब किड्स' अमेरिकेत सुरू झाले आणि चिमुकल्यांच्या पडद्यावर ॲपमधल्या खेळाची जागा व्हिडिओने घ्यायला सुरुवात केली. ओळखीच्या कार्टून पात्रांचे भयानक, बीभत्स व्हिडिओ गाळणीतून निसटून मुलांपर्यंत पोचत असल्याचे २०१७ मध्ये उघड झाले. मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना गोळा केल्याबद्दल गूगल आणि यूट्यूबला सप्टेंबर २०१९ मध्ये १७ कोटी डॉलर भरावे लागले. एकरकमी किमतीवर चालणाऱ्या छोट्या कंपन्यांना हा काळ कठीण गेला. २०१६ मध्ये टोका बोका कॅनडाच्या स्पिन मास्टर या खेळणी कंपनीकडे गेली. त्याच वर्षी डक डक मूस खान अकॅडमीत सामील झाली. त्या चमूने २०१८ मध्ये काढलेले 'खान अकॅडमी किड्स' देणग्यांवर चालते. त्यात जाहिरात नाही, खरेदी नाही, वर्गणी नाही. अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीची, म्हणजे पीबीएसची, मुलांची ॲप्सही फुकट आहेत. इतर बहुतेक चांगली ॲप्स आता मासिक वर्गणीवर गेली आहेत.

भारतात ही कथा वेगळ्या वाटेने गेली. आयपॅड इथे जानेवारी २०११ मध्ये आला. सर्वांत स्वस्त २७,९०० रुपयांना. मध्यमवर्गीय घरात तो मुलाच्या हाती पडण्याचा प्रश्नच नव्हता. मुलाला मिळे तो आईचा किंवा बाबांचा अँड्रॉइड फोन, तोही जेवण भरवताना. पैसे देऊन ॲप घेण्याची सवय नव्हती आणि बऱ्याच जणांकडे त्यासाठी कार्डही नव्हते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन डेटा स्वस्त झाला, त्याच नोव्हेंबरात यूट्यूब किड्स भारतात आले, आणि चेन्नईच्या 'चूचू टीव्ही'सारख्या, २०१३ पासून बालगीतांचे व्हिडिओ बनवणाऱ्या वाहिन्या घराघरांत पोचल्या. मराठी बडबडगीतेही मुलांना बहुतांशी याच मार्गाने मिळाली. मराठी बाळाच्या वाट्याला हाताने खेळायचे ॲप कमी आणि नुसता पाहायचा व्हिडिओ जास्त आला.

मराठीत मोलाची भर पडली ती वाचनाच्या बाजूने. प्रथम बुक्सने ८ सप्टेंबर २०१५ रोजी 'स्टोरीवीव्हर' हे मुक्त परवान्याच्या चित्रगोष्टींचे भांडार उघडले. त्यात मराठी गोष्टी विनामूल्य वाचता येतात आणि कोणालाही भाषांतर करून भर घालता येते. मुलाचे मोठ्याने वाचणे ऐकून चुका सांगणारे गूगलचे 'बोलो' २०१९ मध्ये हिंदी-इंग्रजीत आले, आणि पुढच्या वर्षी 'रीड अलाँग' या नावाने मराठीसह इतर भाषांत. पण ही दोन्ही साधने वाचू लागलेल्या मुलांना अधिक उपयोगी आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती आवश्यक केली आणि मुलांवर रोखलेल्या जाहिरातींना मनाई केली. वाईट ॲप्सना त्याने आळा बसेल. चांगली ॲप्स त्यातून निर्माण होणार नाहीत. एकरकमी किंमत, वर्गणी, देणगी किंवा सार्वजनिक पैसा यांपैकी काहीतरी पाठीशी असल्याशिवाय तशी ॲप्स कुठेच फारशी टिकलेली नाहीत. मराठीत पहिल्या दोहोंना बाजार अपुरा आहे. बालभारती १९६७ पासून शाळकरी मुलांची पुस्तके परवडणाऱ्या दरात पोचवत आली आहे. शाळेआधीच्या मुलांसाठी जाहिरातीविना, खरेदीविना चालणारी, मराठी बोलणारी ॲप्स सार्वजनिक खर्चाने तयार करण्याचे काम अशाच संस्थेने हाती घ्यायला हवे.