चिटाचा भोजनमंडप

शिवनेरीला जाणारा माणूस शिवजन्माच्या जागेपुढे हात जोडतो, वारा खातो आणि उतरतो. आंबेगावातून उठून मीही कित्येक वर्षे तेवढेच केले. कड्यातल्या लेण्यांकडे वळलो तो शाळेच्या सहलीत, आणि तेही पोरांच्या मागे धावता धावता.

तिथल्या एका लेण्यात ब्राह्मी लिपीतला लहानसा प्राकृत लेख आहे. चिट नावाच्या यवनाने संघाला 'भोजणमटपो', म्हणजे भोजनमंडप, दान दिला, एवढीच हकिकत. काळ इसवी सनाच्या आरंभाच्या आसपासचा. यवन म्हणजे ग्रीक, किंवा त्या बाजूचा कोणी परका. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल नाणेघाटाने जुन्नरला चढे. त्याच वाटेने अशी माणसे वर आली असावीत. जुन्नरच्या लेण्यांत इरिल यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. धान्यवाल्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि टाके दिले. चिटाला मात्र जेवायची जागा द्यावीशी वाटली!

अशा जागेची गरज होतीच. दुपार टळली की भिक्षूंनी जेवायचे नाही. पावसाळ्याचे तीन महिने फिरणे बंद. एका जागी राहून थोरांनी सांगायचे, धाकट्यांनी ऐकून पाठ करायचे. आमच्याकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना डोक्यावरच्या दगडी छताची किंमत सांगायला नको. आणि बसायचे ते दीक्षेच्या ज्येष्ठतेने, कुळाने नव्हे. शाक्य राजपुत्रांनी म्हणे आपल्या उपाली न्हाव्याला आपल्याआधी दीक्षा द्यायला लावली, ती त्याच्यापुढे वाकावे लागावे म्हणूनच.

योगायोग असा, की साधारण त्याच शतकांत तिकडे ग्रीसमध्ये, करिंथ गावी, येशूचे अनुयायी घरोघर जमून एकत्र जेवत. पण श्रीमंत आधी खाऊन पिऊन तर्र होत, आणि गरीब उपाशी राहत. इसवी सन 50 नंतरच्या दशकात पौलाने पत्र लिहून त्यांची कानउघाडणी केली. ते पत्र वाचले तेव्हा मला करिंथ दिसले नाही. आमच्याकडचे एक लग्न दिसले. माझ्या वर्गातला एक मुलगा मांडवाबाहेर भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या घरच्यांची पंगत शेवटी बसायची. मी आत दुसऱ्यांदा जिलेबी मागून घेत होतो. त्याने माझ्याकडे पाहिले, मी पानाकडे. दुसऱ्या दिवशी शाळेत आम्ही एकाच बाकावर बसलो. त्याविषयी तो कधी बोलला नाही, आणि मीही नाही.

यातले काही मी सहलीत मुलांना सांगितले नाही. चिटाची गोष्ट तेवढी सांगितली. तेव्हा सहावीतली एक मुलगी म्हणाली, "सर, चिटाला त्या पंगतीत बसू देत होते का?"

मी अडखळलो. चिट संसारी माणूस. भिक्षूंच्या ओळीत त्याचे पान कुठले? तो वाढायला उभा राहत असेल, असे मी सांगितले.

"म्हणजे तो मागून जेवायचा," ती म्हणाली, आणि डबा उघडून तिने शेजारणीला भाकरीचा तुकडा दिला.