पानगळीतील वूड पिजन : बंदुकीआधी दुर्बीण

इंग्लंडच्या ग्रामीण भागात सप्टेंबर उजाडला की एक प्रश्न हमखास विचारला जातो. उन्हाळ्याच्या अखेरीस गव्हाच्या शेतांवर शेकड्यांनी उतरणारे वूड पिजन एकाएकी गेले कुठे? शेतकरी हा प्रश्न काळजीने विचारतो, तर शिकारी हातात बंदूक घेऊन. दोघांसाठी उत्तर एकच आहे. पक्षी बहुधा गेलेले नसतात, त्यांचे ताट बदललेले असते. हे नवे ताट कोणते, हे ज्याला कळले त्याला पक्षी सापडतात. पक्षी तेथे पिकाची खरोखर हानी करीत आहेत काय, या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही याच शोधातून मिळते. ब्रिटनमधील कायद्याने या दुसऱ्या प्रश्नाला आता विशेष महत्त्व आले आहे.

पक्ष्याची ओळख

वूड पिजन (शास्त्रीय नाव कोलंबा पालुंबस) हा आपल्या शहरी पारव्याचा थोराड भाऊबंद. लांबी सुमारे ४० सेंटिमीटर, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. राखाडी अंग, गुलाबीसर छाती, मानेच्या दोन्ही बाजूंना पांढरा डाग आणि उडताना पंखांवर स्पष्ट दिसणारा पांढरा पट्टा, ही त्याची खूण. त्या वर्षी जन्मलेल्या पिलांच्या मानेवर हा पांढरा डाग नसतो. त्यामुळे पानगळीच्या थव्यात अननुभवी पक्षी किती आहेत, याचा अंदाज दुर्बिणीतून बांधता येतो. ब्रिटनमध्ये या पक्ष्याच्या सुमारे ५० लाख जोड्या वीण करतात, असे तेथील पक्षिगणना सांगते. एका वेळी साधारणपणे दोनच अंडी घालणाऱ्या या पक्ष्याची मुख्य वीण जुलै ते सप्टेंबर या काळात, म्हणजे धान्य पिकण्याच्या सुमारास होते.

ओळख अचूक असणे अत्यावश्यक आहे, कारण याच थव्यांमध्ये स्टॉक डव्ह नावाचे दुसरे कबूतर मिसळलेले असते. ते आकाराने लहान असून त्याच्या मानेवर किंवा पंखांवर पांढरा रंग नसतो. त्याला मारण्यास कायद्याने बंदी आहे. कोणाच्या तरी मालकीची शर्यतीची कबुतरेही शेतांवरून जात असतात. लांबून दिसलेल्या प्रत्येक राखाडी पक्ष्यावर नेम धरणारा शिकारी त्यामुळे सहज अडचणीत येतो.

तीन महिने, तीन ताटे

ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत अन्नाची चंगळ असते. कापणी झालेल्या गहू व बार्लीच्या शेतांत धसकटांमध्ये दाणे सांडलेले असतात. वारा-पावसाने पीक जेथे आडवे लोळले होते, तेथे यंत्राच्या तावडीतून सुटलेले दाणे अधिक असतात. वाटाणा आणि घेवडावर्गीय पिकांची कापलेली शेते तर या पक्ष्यांना विशेष प्रिय. मात्र, सगळीकडेच अन्न असल्याने थवे विखुरतात. एखाद्या शेतावर सकाळी दोनशे पक्षी दिसावेत आणि दुसऱ्या दिवशी तेथे नांगर फिरल्यामुळे एकही नसावा, असे वारंवार घडते.

सप्टेंबरच्या अखेरीपासून हिवाळी गव्हाची पेरणी सुरू होते. पेरणी यंत्र जेथे वळण घेते त्या शेताच्या कडेला आणि कोपऱ्यांत बी उघडे पडते. पक्षी प्रथम तेथेच उतरतात. हे आकर्षण थोड्या दिवसांचे असते. बी झाकले गेले किंवा उगवून आले की थवे पुढे सरकतात.

ऑक्टोबरमध्ये शिकाऱ्यांची सर्वाधिक फसगत होते. ओक वृक्षाची फळे आणि बीच वृक्षाच्या बिया पिकून गळू लागतात आणि वूड पिजन शेते सोडून जंगलात शिरतात. ओकचे अख्खे फळ हा पक्षी सहज गिळतो. ओक आणि बीच दरवर्षी सारखे फळत नाहीत. भरघोस फळणाऱ्या वर्षी पक्षी कित्येक आठवडे झाडीतच राहतात आणि शेते ओस पडतात. फळ कमी धरले असेल, तर तेच थवे लवकर पिकांवर येतात. म्हणून जाणकार शिकारी सप्टेंबरमध्येच ओकच्या फांद्या न्याहाळून पुढच्या दोन महिन्यांचा अदमास बांधतो.

नोव्हेंबरमध्ये गळलेली फळे संपत येतात, आयव्हीच्या वेलींवरील फळे खाल्ली जातात आणि थव्यांचा मोर्चा रेपसीडकडे वळतो. मोहरीच्या कुळातील हे तेलबियांचे पीक हिवाळाभर शेतात हिरवे उभे असते. पक्षी कोवळी पाने ओरबाडतात. विरळ उगवलेला किंवा मागे पडलेला पट्टा ते आधी निवडतात, कारण दाट पिकापेक्षा तेथे उतरणे आणि भोवताली नजर ठेवणे सोपे जाते. शेतकऱ्याचे खरे नुकसान येथून सुरू होते आणि वसंतापर्यंत चालते.

माग कसा काढतात

ब्रिटनमध्ये कबुतरांच्या शिकारीवर ज्यांचा शब्द प्रमाण मानला गेला, त्या मेजर आर्ची कोट्स यांचे ‘पिजन शूटिंग’ हे पुस्तक १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. पिकांच्या रक्षणासाठी कबुतरे मारणे हाच कोट्स यांचा व्यवसाय होता. नेमबाजीपेक्षा आधीच्या टेहळणीला ते अधिक महत्त्व देत. आजही अनुभवी शिकारी प्रत्यक्ष शिकारीच्या आधी एक-दोन दिवस परिसर पालथा घालतात.

ही टेहळणी प्रामुख्याने दिवसाच्या मध्यावर, पक्षी चरायला बाहेर पडलेले असताना केली जाते. उंचवट्यावर थांबून दुर्बिणीने आकाशरेषा पाहायची, एवढेच सुरुवातीचे काम. एकटा-दुकटा पक्षी फारसे काही सांगत नाही. दोन-दोन, चार-चार पक्षी थोड्या थोड्या अंतराने एकाच दिशेने जात असतील, तर ती त्यांची ठरलेली वाट असते. झाडांची रांग, दरी, नदीकाठ किंवा दोन वनखंडांमधली मोकळी जागा अशा खुणांच्या आधाराने ही वाट जाते. तिच्या एका टोकाला रातथारा आणि दुसऱ्या टोकाला चरण्याचे ठिकाण सापडते.

त्यानंतर पायी पाहणी होते. शेताच्या कडेच्या उंच झाडावर पक्षी आधी बसतात आणि धोका नसल्याची खात्री करून मग खाली उतरतात. अशा झाडाखाली ताजी विष्ठा आणि पिसे पडलेली असतात. शेतात कुरतडलेली पाने दिसतात. मारलेल्या पक्ष्याच्या गळ्यातील अन्नपिशवी उघडून पाहण्याचा प्रघात जुना आहे. तिच्यात गहू निघाला, ओकची फळे निघाली की रेपसीडची पाने, यावरून उद्या कोठे जायचे ते ठरते. ट्रॅक्टर चालवणाऱ्यांना विचारणे हा आणखी एक भरवशाचा मार्ग. कोणत्या शेतात काल पेरणी झाली आणि कोठे नांगरट होणार, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

वाऱ्याचाही विचार करावा लागतो. कबूतर वाऱ्याकडे तोंड करून उतरते. त्यामुळे लपण कोठे उभारायचे आणि बनावट कबुतरे कशी मांडायची, हे त्या दिवशीच्या वाऱ्यावर ठरते. जागा चुकली असेल, तर उत्तम बंदूक आणि उत्तम आमिष यांचा काही उपयोग होत नाही.

जेथे थवेच चालून येतात

फ्रान्सच्या नैऋत्य भागात चित्र वेगळे आहे. उत्तर व पूर्व युरोपातील थंडी टाळून लाखो वूड पिजन ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिरेनीज पर्वताकडे निघतात. लांद आणि जिरोंद भागातील जंगलांत शिकारी झाडांवर व जमिनीवर पालापाचोळ्याने झाकलेली लपणे बांधतात आणि पाळीव कबुतरांच्या साहाय्याने उडत्या थव्यांना खाली बोलावतात. या दिवसांत अंगात संचारणाऱ्या शिकारीच्या वेडाला तेथे ‘निळा ज्वर’ म्हणतात. सीमेपलीकडे स्पेनमधील एचालार गावात मध्ययुगापासून चालत आलेली जाळ्यांची पद्धत आजही जिवंत आहे. खिंडीतून येणाऱ्या थव्यावर पांढऱ्या लाकडी फळ्या भिरकावल्या जातात. ससाणा झडप घालत असल्याचा भास होऊन थवा खाली झेपावतो आणि जाळ्यात सापडतो. तेथे पक्षी वाटेवर येणार हे ठरलेले असते. ब्रिटनमधील वूड पिजन मात्र बहुतांशी स्थानिक असल्याने त्यांची वाट अन्नानुसार रोज बदलते.

कायदा काय सांगतो

ब्रिटनमध्ये १९८१ च्या वन्यजीव कायद्याने सर्व रानपक्ष्यांना संरक्षण दिले आहे. पिकांचे गंभीर नुकसान टाळण्यासाठी वूड पिजनसारख्या पक्ष्यांबाबत सर्वसाधारण परवान्याद्वारे सूट दिली जाते. बंदुकीसाठी पोलिसांचे प्रमाणपत्र आणि जमीनमालकाची परवानगी स्वतंत्रपणे लागते. ‘वाइल्ड जस्टिस’ या संस्थेने या परवान्यांच्या वैधतेला आव्हान दिल्यावर एप्रिल २०१९ मध्ये ‘नॅचरल इंग्लंड’ने इंग्लंडपुरते तीन परवाने मागे घेतले. ऐन पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्यांमध्ये खळबळ उडाली आणि त्याच वर्षी नवे परवाने काढावे लागले. बुजगावणी, आवाज करणारी यंत्रे अशा बिगरप्राणघातक उपायांचा रास्त प्रयत्न करावा, अशी अट त्यांत आहे.

पानगळीत ही अट कसोटीची ठरते. ओकची फळे वेचणारा पक्षी कोणाचेच नुकसान करीत नाही. धसकटांतील सांडलेला दाणाही शेतकऱ्याच्या हिशेबातून गेलेला असतो. शेजारच्या शेतातील पीक वाचवण्यासाठी या पक्ष्यांना आधीच आवरणे आवश्यक आहे, असा शिकारी संघटनांचा युक्तिवाद आहे. टीकाकारांना तो सरसकट मान्य नाही.

या वादाला शास्त्रीय पार्श्वभूमीही आहे. आर. के. मर्टन यांनी केंब्रिजशायरमध्ये १९५० आणि १९६० च्या दशकांत वूड पिजनचा दीर्घ अभ्यास केला. हिवाळ्यात किती पक्षी जगणार, हे त्या काळी प्रामुख्याने क्लोव्हरच्या उपलब्धतेवर ठरत असे. बंदुकीने मारलेले बरेचसे पक्षी एरवीही उपासमारीने मेले असते, असा त्यांचा निष्कर्ष होता. हिवाळी शिकारीने एकूण संख्या घटत नाही, हे दिसल्यावर काडतुसांवरील सरकारी अनुदान बंद झाले. पुढे रेपसीडची लागवड वाढली आणि हिवाळ्यातील उपासमारीचा तो अडसरही सैल झाला. विशिष्ट शेतावरून पक्षी हुसकावण्यास बंदूक उपयोगी पडते. देशभरातील संख्या मात्र बंदुकीपेक्षा पीकपद्धती ठरवते. शिशाच्या छऱ्यांवर बंधने आणण्याचा निर्णयही ब्रिटिश सरकारने २०२५ मध्ये जाहीर केला असून, शिकाऱ्यांना पोलादी व अन्य पर्यायांकडे वळावे लागणार आहे.

सह्याद्रीतील नातलग

वूड पिजनची पूर्वेकडील उपजात पश्चिम हिमालयात आढळते. महाराष्ट्राशी नाते आहे ते त्याच्या एका भाईबंदाचे. सह्याद्रीच्या सदाहरित जंगलांत राहणाऱ्या निलगिरी वूड पिजनचे शास्त्रीय वर्णन दख्खनमध्ये काम केलेल्या कर्नल साइक्स यांनी केले. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचे नाव त्याच्या शास्त्रीय नावात आहे. महाबळेश्वर, भीमाशंकरच्या राईंमध्ये तो दिसू शकतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे भारतात त्याची शिकार करता येत नाही. शोधाची रीत मात्र तीच आहे. कोणत्या झाडाला फळ धरले आहे, हे आधी पाहावे आणि त्या झाडाखाली निमूटपणे थांबावे.