बालसखी आणि संगणकावरील गणित (बडोदे)

बडोदे महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांत २००१ ते २००४ या काळात राबवलेले दोन अध्यापन-प्रयोग. पहिल्यात अभ्यासात मागे राहिलेल्या मुलांना वर्गातून वेगळे काढून वस्तीतली एक तरुणी शिकवत असे. दुसऱ्यात चौथीची मुले संगणकावर गणिताचे खेळ खेळत. दोन्ही प्रयोग ‘प्रथम’ या संस्थेने चालवले. त्यांचे मोजमाप अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर दुफ्लो आणि ली लिंडेन या अर्थशास्त्रज्ञांनी केले आणि निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. बॅनर्जी आणि दुफ्लो यांना २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यामागच्या कामात बडोद्याच्या या शाळांचाही वाटा आहे. शाळेत यंत्र आणले की मूल शिकते का, या प्रश्नाला भारतातल्या साध्या सरकारी वर्गांतून मिळालेले इतके नेमके उत्तर क्वचितच सापडेल.

बडोद्याला अशा प्रयोगांची जुनी परंपरा आहे. बडोदे संस्थानाचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. १८९० मध्ये सुरू झालेल्या कलाभवनात त्रिभुवनदास गज्जर यांनी रंगकाम, सुतारकाम, चित्रकला, यंत्रकाम हे विषय मातृभाषेतून शिकवण्याचा आग्रह धरला. दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी. १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयांचे जाळे उभारले गेले. संस्थानाच्या ग्रंथालय खात्याच्या दृश्यशिक्षण शाखेने पडद्यावर चित्रे पाडणारे ‘जादूचे दिवे’ आणि चलच्चित्रे खेडोपाडी नेली. साधन लोकांपर्यंत न्यायचे आणि ते चालवणारा माणूसही बरोबर पाठवायचा, ही रीत या शहराने शंभर वर्षांपूर्वीच घातली होती.

तरीही विसावे शतक संपताना पालिकेच्या शाळांतली स्थिती बिकट होती. तिसरीच्या मुलांची चाचणी घेतली तेव्हा पहिलीच्या पातळीचे गणित फक्त १९.५ टक्के मुलांना जमले. मुले शाळेत येत होती, वरच्या वर्गात ढकललीही जात होती. शिक्षक मात्र पाठ्यपुस्तकाच्या क्रमाने पुढे जात राहिले, आणि ज्याला हातच्याची बेरीज येत नाही त्याच्यासमोर फळ्यावर भागाकार मांडला जात होता. दोष एकट्या शिक्षकाचा नव्हता. अभ्यासक्रम वेळेत पूर्ण करण्याची सक्ती त्याच्यावर होती, मागे पडलेल्या मुलाकडे परत जाण्यासाठी वेळापत्रकात जागाच नव्हती.

‘प्रथम’ ही संस्था १९९० च्या दशकाच्या मध्यावर मुंबईत माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांनी सुरू केली. वस्त्यांमधल्या बालवाड्यांपासून तिचे काम वाढले. बालसखी ही तिची सर्वांत साधी आणि माझ्या मते सर्वांत मोलाची कल्पना. बहुधा दहावीपर्यंत शिकलेली, त्याच वस्तीत राहणारी तरुणी निवडायची, तिला साधारण दोन आठवड्यांचे प्रशिक्षण द्यायचे आणि महिना ५०० ते ७५० रुपये मानधन द्यायचे. ती तिसरी-चौथीतल्या मागे राहिलेल्या १५ ते २० मुलांना शाळेच्याच वेळेत रोज दोन तास वेगळे घेऊन बसे आणि अक्षरओळख, वाचन, अंकओळख, बेरीज-वजाबाकी इतकेच पक्के करून घेई. तिच्यापाशी महागडे साहित्य नव्हते. मुलाला काय येते याचा अंदाज घेऊन तिथून सुरुवात करण्याची मोकळीक मात्र होती, आणि ती वर्गशिक्षकाला नव्हती.

संगणकाचा प्रयोग यापुढचा. गुजरात सरकारने २००० च्या सुमारास पालिकेच्या बहुसंख्य शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते. प्राथमिक वर्गांतल्या मुलांच्या अभ्यासासाठी त्यांचा वापर जवळजवळ होत नव्हता. ‘प्रथम’ने नवी यंत्रे विकत न घेता हीच कामाला लावली. चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास संगणक मिळे. त्यातला एक तास शाळेच्या वेळात असे, दुसरा शाळा सुरू होण्यापूर्वी किंवा सुटल्यावर. एका पडद्यापुढे दोघे बसत. खेळ अंकगणिताचे, पाठ्यक्रमाशी जुळणारे होते, आणि उत्तर बरोबर येत गेले की पुढची पायरी अवघड होई. शेजारी वस्तीतलाच एक प्रशिक्षित तरुण किंवा तरुणी असे. अडले तर मदत करायची, सोप्या पायरीवर रेंगाळणाऱ्याला पुढे न्यायचे, एवढेच त्याचे काम.

मोजणीची रचनाही समजून घेण्यासारखी आहे. कोणत्या शाळेला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले गेले. बालसखी बडोद्यात काही शाळांना तिसरीसाठी आणि काहींना चौथीसाठी दिली, दुसऱ्या वर्षी अदलाबदल केली. त्यामुळे कोणतीही शाळा पूर्ण वंचित राहिली नाही आणि तुलनाही न्याय्य झाली.

दुसऱ्या वर्षी बालसखीमुळे सरासरी गुण ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले, आणि वाढीचा मोठा भाग सर्वांत खाली असलेल्या मुलांचा होता. संगणकावरील गणिताने दुसऱ्या वर्षी गणिताचे गुण ०.४७ प्रमाण विचलनाने वाढले. याचा अर्थ, शंभर मुलांच्या क्रमवारीत मधोमध असलेले मूल साधारण अठरा जणांना मागे टाकू शकेल. भाषेच्या गुणांवर संगणकाचा परिणाम दिसला नाही, आणि तो अपेक्षितही नव्हता, कारण खेळ फक्त गणिताचे होते. खर्च मात्र उलटा बोलतो. बालसखीवर मुलामागे वर्षाला सुमारे सव्वादोन डॉलर लागत, संगणकावर सुमारे पंधरा. खर्च केलेल्या रुपयाला मिळालेला लाभ पाहिला तर वस्तीतली तरुणी यंत्रापेक्षा कित्येक पट सरस ठरली.

प्रयोग संपल्यावर वर्षभराने पाहिले तेव्हा दोन्हीकडचा लाभ साधारण ०.१० प्रमाण विचलनापर्यंत उतरला होता. ही या प्रयोगातली सर्वांत बोचरी नोंद आहे. कौशल्य एकदा देऊन टिकत नाही. पुढच्या इयत्तेत सराव मिळाला नाही तर ते गळते.

लिंडेन यांनी पुढे अहमदाबादच्या ‘ज्ञानशाळा’ संस्थेबरोबर आणखी एक तपासणी केली. संगणकाचा तास शिकवण्याच्या वेळातून कापून दिला तेव्हा मुलांचे गणिताचे गुण ०.५७ प्रमाण विचलनाने घसरले. शाळा सुटल्यावर जादा दिला तेव्हा ०.२८ ने वाढले. चांगल्या शिक्षकाचा वेळ काढून घेऊन ठेवलेला पडदा मुलाचे नुकसान करतो, हे याहून स्पष्ट कोणी दाखवलेले नाही.

बालसखीच्या अनुभवातून इयत्तेऐवजी पातळीनुसार गट करण्याची पद्धत ‘प्रथम’ने देशभर नेली, आणि आज ती आफ्रिकेतील अनेक देशांतही वापरली जाते. गुजरात सरकारने २०१० पासून ‘प्रज्ञा’ ही कृतिपद्धती लहान वर्गांत आणली. तीत मुले रांगेत न बसता गटाने बसत आणि कार्डांच्या शिडीवरून आपापल्या गतीने पुढे जात. २०१७ पासूनच्या ‘ज्ञानकुंज’ योजनेत सातवी-आठवीच्या वर्गांत प्रक्षेपक आणि लिहिता येणारा परस्परसंवादी फळा आला. महाराष्ट्रात सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले.

बडोदे शहराच्या उत्तरेकडील छाणी, फर्टिलायझरनगर, बाजवा या पट्ट्यात खतांचे आणि रसायनांचे कारखाने आहेत. अशा भागात पाठ्यपुस्तक, पडदा आणि मोबाइल हे सारे मुलापर्यंत पोचलेले असते. आई-वडील पाळीवर असतील तर संध्याकाळी शेजारी बसून चूक दाखवणारे माणूस मात्र घरात नसते. म्हणून कोणत्याही पालिका शाळेने संगणककक्षाच्या अंदाजपत्रकात यंत्रांच्या ओळीखाली एका बालसखीच्या मानधनाची ओळ आणि वेळापत्रकात तिच्या तासाची जागा आधी लिहावी. तशी ओळ नसलेला संगणककक्ष मंजूर करू नये.