राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीचा उंबरठा

राष्ट्रपतिपदाची निवडणूक कोण जिंकला हे आपण ध्यानात ठेवतो. उभे कोणाला राहता आले, हे सहसा विचारीत नाही. मी वकील नव्हे, कामगार संघटनेचा कार्यकर्ता. कायद्याची पुस्तके वाचली ती गरजेपोटी. त्यांतून जे उमगले ते आपल्यापुढे ठेवतो.

1952 च्या कायद्याने उमेदवारी अर्जावर एक सूचक आणि एक अनुमोदक पुरे होता. दोघे मतदार हवेत. म्हणजे निवडून आलेले खासदार किंवा आमदार. त्या वर्षी पाच जण उभे राहिले. प्रत्येक मताला लोकसंख्येप्रमाणे मूल्य असते, म्हणून आकडे मोठे दिसतात. डॉ. राजेंद्र प्रसादांना 5,07,400 मते पडली, के. टी. शहांना 92,827, तर लक्ष्मण गणेश थत्ते यांना 2,672.

1967 साली सतरा उमेदवार झाले. त्यांपैकी नऊ जणांना एकही मत मिळाले नाही. सूचक-अनुमोदकांचीही मते त्यांच्या पदरी पडली नाहीत! ही थट्टाच म्हणायची.

पण लगेच 1969 साल पाहा. आपल्या जिल्ह्याचे सुपुत्र चिंतामणराव देशमुख, जन्म महाडजवळच्या नाते गावचा, स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांच्या पाठिंब्यावर उभे राहिले. त्यांना 1,12,769 मते मिळाली. पहिल्या पसंतीत कोणालाच बहुमत नव्हते. तेव्हा मागे पडलेल्या उमेदवारांच्या मतपत्रिकांवरील पुढची पसंती मोजावी लागली, आणि गिरी 4,20,077 विरुद्ध रेड्डी 4,05,427 असा निकाल लागला. तिसरा उमेदवार निरर्थक असतो असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाहावा.

थट्टा थांबवण्यासाठी 1974 साली दहा सूचक, दहा अनुमोदक आणि 2,500 रुपये अनामत आली. त्यानंतरच्या 1974 ते 1992 या पाच निवडणुकांत चारांहून अधिक उमेदवार कधीच झाले नाहीत. 1977 साली तर सदतीसपैकी छत्तीस अर्ज फेटाळले गेले आणि संजीव रेड्डी बिनविरोध आले. म्हणजे उपाय लागू पडला होता. तरीही 1997 साली पन्नास सूचक, पन्नास अनुमोदक आणि 15,000 रुपये अनामत झाली. शिवाय एका मतदाराची सही एकाच अर्जावर चालते. तेव्हापासून 2022 पर्यंत दर खेपेस दोनच उमेदवार राहिले. 2002 साली डाव्या पक्षांनी कॅप्टन लक्ष्मी सहगल यांना उभे केले, तेही अनेकांनी मिळून. आपल्या किनाऱ्यावर रुजलेल्या शेतकरी कामगार पक्षाजवळ शंभर आमदार-खासदार कधीच नव्हते. एकट्याने उमेदवार देण्याची वाट त्याच्यासारख्यांना बंदच.

सहीचे मोल मला ठाऊक आहे. 1926 च्या कायद्याने युनियन नोंदवायला सात कामगारांच्या सह्या लागत. एका लहान कारखान्यात सहा जण तयार होते. सातव्याच्या दारी मी पंधरा दिवस खेटे घातले. नोकरी जाण्याच्या धास्तीने त्याचा हात थरथरत होता. त्या एका सहीने सहा जणांना तोंड फुटले. 2001 च्या दुरुस्तीने सभासदांची अट वाढली, तेव्हा लहान कारखान्यातले असे किती सहा जण मुके राहिले असतील, हे मनात आले.

उंबरठा असावा, उघड्या दारात कोणीही शिरते. परंतु उंबरठ्याने उमेदवाराची तळमळ पारखावी, संख्येचे बळ नव्हे. बळ मोजायला पुढे मतपेटी आहेच. दहा आणि दहा सह्यांनी ते काम चोख केले होते. हरणाऱ्यालाही उभे राहता येते, तेव्हाच जिंकणारा निवडून आला असे म्हणता येते.